वही फुगली, पण स्टॅम्प अ‍ॅक्ट आठवत नाही: अमेरिकेचा इतिहास हातांनी शिकवताना

प्रश्न असा आहे: अमेरिकेतली चार मराठी कुटुंबं मिळून चौथी-पाचवीच्या आठ मुलांना घरीच शिकवतात. यंदा वसाहतींपासून राज्यघटनेपर्यंतचा अमेरिकेचा इतिहास घेतलाय. घड्या, झडपा, खिसे चिकटवून करायची ‘इंटरॅक्टिव्ह नोटबुक’ सुरू केली. मुलं रमतात, पण अर्ध्याहून जास्त वेळ कापाकापीत जातो, वही धड मिटत नाही आणि पंधरा दिवसांनी स्टॅम्प अ‍ॅक्ट (वसाहतींतल्या कागदपत्रांवर कर लावणारा १७६५ चा ब्रिटिश कायदा) विचारला की सगळे एकमेकांकडे बघतात. कुठे चुकतंय?

वही मिटत नाही ही तक्रार कागदाची आहे, तिच्याकडे नंतर येतो. बाकी दोन्हींचं मूळ डाव्या पानावर आहे.

या पद्धतीत जोडपान उघडलं की उजवीकडे बाहेरून आलेला माल असतो: नकाशा, उतारा, चित्र, तुम्ही सांगितलेल्या चार ओळी. डावीकडे मुलाने त्या मालाचं काय केलं ते. विकत मिळणाऱ्या तयार संचांत सगळी कारागिरी उजव्या पानावर खर्च झालेली असते. तेरा वसाहतींच्या तेरा झडपा, आत तेरा सनावळ्या. मूल कापतं, चिकटवतं, समोरचं उतरवून काढतं. डाव्या पानावर फार तर एक झेंडा रंगवला जातो. अशा पानातून मूल कात्री चालवायला शिकतं. तेही वाईट नाही, पण त्या तासाला इतिहास म्हणू नये.

पंचेचाळीस मिनिटांचा तास असेल तर वाटणी साधारण अशी ठेवा: जुनं आठवायला ५ मिनिटं, नवी माहिती १२, कापणं-चिकटवणं ८, डावं पान १५, शेवटी एकमेकांची पानं वाचायला ५. कापायला आठ मिनिटांपेक्षा जास्त लागणारं काहीही आदल्या दिवशी तुम्ही कापून ठेवा किंवा सरळ गाळा. वळणदार कडा, ढगाच्या आकाराच्या झडपा, बारीक दातेरी काठ यांनी वेळ खाण्यापलीकडे काही होत नाही. सरळ रेषेत तीन काप आणि एक घडी, एवढ्यात बहुतेक सगळं बसतं.

दुसरी दुरुस्ती झडपेवरच्या मजकुराची. वर ‘स्टॅम्प अ‍ॅक्ट’ आणि आत व्याख्या, अशी झडप एकदा चिकटली की कुणी पुन्हा उघडत नाही. वर प्रश्न लिहा: ‘१७६५ मध्ये वर्तमानपत्राच्या कागदावर ठसा का आला, आणि लोक नेमके कशावर चिडले?’ रोज तासाच्या सुरुवातीला तीन झडपा घ्यायच्या: एक कालची, एक आठवड्यापूर्वीची, एक महिन्यापूर्वीची. मूल आधी चिठोऱ्यावर उत्तर लिहितं, मगच झडप उघडतं. चुकलं तर आतल्या उत्तराखाली वेगळ्या रंगाने एक ओळ. स्टॅम्प अ‍ॅक्ट न आठवण्यावर याहून मोठा इलाज नाही. चिकटवल्यानंतर ज्या पानावर मूल परत गेलेलंच नाही, ते डोक्यात कुठून राहणार?

आता कागद. काळ्या ठिपक्यांच्या पुठ्ठ्याची नेहमीची कॉम्पोझिशन वही साधारण पावणेदहा बाय साडेसात इंचांची असते, शंभर पानं म्हणजे दोनशे बाजू. लेटर आकाराचा कागद तिच्यात मावत नाही. छापतानाच ८० टक्क्यांवर आणा, म्हणजे कडेला थोडी जागा मोकळी राहते. झडपांना साधा झेरॉक्सचा कागद पुरे. जाड कार्डशीट फक्त फिरत्या चकतीला, आणि पूर्ण वहीत अशा चकत्या दोनच. ही वही मध्यावर शिवलेली असते, त्यामुळे एक पान ओढून फाडलं की पलीकडचं जोडीदार पान सुटतं. जागा करायची असेल तर दर चौथं पान कडेला अर्धा इंच बुडखा ठेवून कापा. त्या बुडख्यांमुळे पाठीशी जाडी तयार होते आणि वही बंद होते. शिवाय एका पानावरची घडी वरच्या अर्ध्यात, तर पुढच्या पानावरची खालच्या अर्ध्यात लावा. सगळ्या घड्या मधोमध आल्या की वही मध्येच पोट काढते. वर्षाला एकच वही हा हट्टही सोडा; दोन वह्या केल्या तर काही बिघडत नाही.

ग्लू स्टिक मुलं मधोमध फिरवतात आणि कडा कोरड्या सोडतात, म्हणून दोन आठवड्यांत झडपा गळायला लागतात. पांढरा द्रव गोंद जास्त झाला की पान लाटांसारखं उठतं. मधला मार्ग असा: झाकण घट्ट लागणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात भांडी घासायचा नवा स्पंज बसवायचा, त्यात पांढरा गोंद मुरेपर्यंत ओतायचा आणि डबा रात्रभर उलटा ठेवायचा. सकाळी कागदाची कड स्पंजवर टेकवली की पुरेसा गोंद लागतो. आठ मुलांना दोन डबे बस होतात. स्पंज सुकू लागला तर चमचाभर पाणी.

पहिली वस्तू कालरेषा करा, आणि ती मोजमापाची करा. बहुतेक तयार कालरेषांत घटना सारख्या अंतरावर असतात. त्यातून मुलाला वाटतं की जेम्सटाउन, प्लीमथ (इंग्रजांच्या सुरुवातीच्या दोन वसाहती) आणि बोस्टनच्या बंदरात १७७३ मध्ये बुडवलेला चहा एकापाठोपाठ झाले. १ इंच म्हणजे १० वर्षं धरा. १६०० ते १७९० साठी १९ इंच लागतात: दोन पट्ट्या जोडून पंख्यासारखी घडी घाला. १६०७ जेम्सटाउन, १६१९ व्हर्जिनियात आणलेले पहिले आफ्रिकन लोक, १६२० प्लीमथ, १७३२ जॉर्जियाची सनद. मग १७६३ ते १७७६ भरायला घेतलं की सव्वा इंचात सगळं कोंबलं जातं आणि मुलं ओरडतात की जागा नाही. तिथेच थांबा. दुसरी पट्टी द्या, १ इंच म्हणजे १ वर्ष, १३ इंचांची, आणि ती त्या सव्वा इंचावर भिंगासारखी लटकवा. डाव्या पानावर एकच प्रश्न: जेम्सटाउनपासून स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापर्यंत १६९ वर्षं गेली, तर लोक ‘अचानक’ चिडले असं म्हणता येईल का? यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, त्यालाही अजून १६९ वर्षं झालेली नाहीत, हे सांगितलं की तो काळ त्यांच्या अंदाजात येतो.

तुमच्या मुलांसाठी त्याच पट्टीखाली एक बारीक ओळ जोडता येईल: १६७४ शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक, १७६१ पानिपत, १७७५ पहिलं इंग्रज-मराठा युद्ध. ही सजावट समजू नका. बोस्टनच्या बंदरात ज्या कंपनीचा चहा बुडाला तीच ईस्ट इंडिया कंपनी मुंबईहून पेशवाईच्या राजकारणात हात घालत होती, आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ज्याच्या ब्रिटिश फौजेने शरणागती पत्करली तो कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. घरी ऐकलेला इतिहास आणि शिकायचा इतिहास एकाच कागदावर आले की मुलं आपणहून प्रश्न विचारतात.

नकाशाबद्दल थोडक्यात. वसाहतींच्या तीन गटांना (उत्तर, मध्य, दक्षिण) तीन रंग द्या, पण कोरा नकाशा आजच्या राज्यांचा नको. त्यावर रंगवताना मेनचं काय करायचं हे मुलांना कळत नाही (ते तेव्हा मॅसॅच्युसेट्सकडे होतं), वेस्ट व्हर्जिनिया वेगळं दिसतं (ते व्हर्जिनियातच होतं) आणि व्हरमाँट कुणाचं यावर तर न्यूयॉर्क आणि न्यू हॅम्पशायर भांडत होते. अ‍ॅपलाचियन डोंगररांगेवर १७६३ ची मनाई रेषा (तिच्या पश्चिमेला वसाहतवाल्यांनी वस्ती करू नये असा ब्रिटिश राजाचा हुकूम होता) तुटक काढा आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिथे राहणाऱ्या मूळ अमेरिकन राष्ट्रांची नावं लिहा. पश्चिमेचा कागद कोरा सोडला की मुलाच्या डोक्यात तो प्रदेश रिकामाच राहतो.

स्टॅम्प अ‍ॅक्टला मुलं हमखास पोस्टाचं तिकीट काढतात. चिकटवायचं तिकीट १८४० मध्ये आलं. १७६५ चा स्टॅम्प म्हणजे कागदावर दाबून उठवलेला ठसा, आपल्याकडच्या स्टॅम्पपेपरच्या जवळचा. कागदाखाली नाणं ठेवून वरून बोटाने दाबायला लावा, ठसा उठतो, आणि तोच तुकडा उजव्या पानावर चिकटवा. कर वर्तमानपत्रं, कोर्टाची कागदपत्रं, परवाने, पत्त्यांचे कॅट, फासे यांवर होता.

मग कराचा खेळ. आठ मुलांत चिठ्ठ्या टाकून दोघं पार्लमेंट, एक वसुलीवाला, पाच वसाहतवाले. प्रत्येकाला राजम्याचे दहा दाणे (गोळ्या-चॉकलेट नकोत, ती खाल्ली जातात आणि कुणाला तरी अ‍ॅलर्जी असते). पार्लमेंट दुसऱ्या खोलीत बसून चिठ्ठ्या पाठवतं: कागदाला एक दाणा, पेन्सिल टोक करायला एक, पत्त्यांना दोन. दहा मिनिटांत थांबवा, त्यानंतर रुसवेफुगवे खरे व्हायला लागतात.

हा खेळ इथेच संपवला तर मुलं एकच शिकतात: कर वाईट. म्हणून दुसरी फेरी हवीच. दाणे परत वाटा, तेवढाच कर ठेवा, पण या वेळी आठही जण मत देतात की तो लावायचा का आणि त्यातून सगळ्यांसाठी काय आणायचं. डाव्या पानावरचा प्रश्न: कोणत्या फेरीत दाणे जास्त गेले, आणि कोणत्या फेरीत राग जास्त आला? दोन्हीची उत्तरं जुळत नाहीत, आणि ‘प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही’ हे वाक्य तिथे समजतं. पार्लमेंट झालेल्या दोघांनाही लिहायला द्या. त्यांची अडचणही खरी होती: १७६३ ला संपलेल्या युद्धात ब्रिटनचं कर्ज जवळपास दुप्पट झालं होतं.

सगळ्या वर्षात एकाच जोडपानावर दोन तास खर्च करायचे असतील तर ते बोस्टन हत्याकांडावर करा. ५ मार्च १७७० ची रात्र, किंग स्ट्रीट, ब्रिटिश शिपायांचा गोळीबार, पाच मृत, त्यात क्रिस्पस अ‍ॅटक्स. काही आठवड्यांत पॉल रिव्हिअर या बोस्टनच्या चांदीकाम करणाऱ्या कारागिराने त्याचं रंगवलेलं छापील चित्र विकायला काढलं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावरून ते मोठ्या आकारात फुकट उतरवता येतं.

पाच इंच रुंद छापा, उजव्या पानावर चिकटवा. त्याच मापाचा कोरा कागद आडवा-उभा कापून चार झडपा करा आणि चित्रावर बसवा, प्रत्येक झडप बाहेरच्या कडेला चिकटलेली. एका वेळी एकच उघडायची, दोन मिनिटं पाहायचं, आणि झडपेच्या आत दोन ओळी: ‘दिसतं’ आणि ‘वाटतं’. या दोन ओळी वेगळ्या ठेवायला लावणं हेच शिक्षकाचं काम. ‘शिपाई दुष्ट आहेत’ हे दिसत नाही, वाटतं. ‘शिपाई एका रांगेत आहेत आणि त्यांच्या मागचा अधिकारी तलवार उगारून उभा आहे’ हे दिसतं.

खाली उजवीकडे ती शिस्तीत गोळ्या झाडणारी रांग. वर उजवीकडे कस्टम हाउसच्या (जकात कचेरीच्या) इमारतीवर पाटी, ‘कसायाचं घर’ अशा अर्थाची. अशी पाटी तिथे नव्हती. पाटी छपाईत बारीक येते, म्हणून चित्र लॅपटॉपवर मोठं करूनही दाखवा. खाली डावीकडे निःशस्त्र, चांगल्या कपड्यातले नागरिक आणि उचलून नेले जाणारे जखमी. वर डावीकडे उजळ आकाश, एका कोपऱ्यात चंद्रकोर. घटना रात्री नऊच्या सुमाराची, जमिनीवर बर्फ. चित्रात बर्फाचा मागमूस नाही. आणि अ‍ॅटक्स, ज्याचे पूर्वज आफ्रिकन आणि मूळ अमेरिकन होते, तो या गर्दीत ओळखूच येत नाही. एवढ्यात कुणालातरी खाली मध्यावर उभा असलेला कुत्रा सापडतो आणि पाच मिनिटं जातात, जाऊ द्या. ज्याला कुत्रा दिसला त्याने चित्र नीट पाहिलं आहे.

दुसऱ्या तासाला त्या शिपायांचा अधिकारी कॅप्टन थॉमस प्रेस्टन याचं निवेदन. पूर्ण देऊ नका, भाषा जड आहे. सोप्या इंग्रजीत पाच-सहा ओळी करून घ्या. गर्दी सोटे आणि बर्फाचे गोळे घेऊन अंगावर येत होती, आपण शिपायांच्या बंदुकांपुढे उभे होतो, मग गोळीचा हुकूम कसा देऊ, असं त्याचं म्हणणं. हे डाव्या पानाच्या वरच्या खिशात. ‘खरं कोण बोलतंय?’ असं विचारू नका, कारण मुलं लगेच बाजू घेतात आणि विचार थांबतो. वाक्याचा सांगाडा द्या: ‘चित्रात अमुक दाखवलंय, प्रेस्टन अमुक सांगतो, म्हणून मला अजून अमुक पुरावा बघायचाय.’ मुलांनी लिहून झाल्यावरच खटल्याचा निकाल सांगा: प्रेस्टन सुटला, आठपैकी सहा शिपाई सुटले, दोघांना सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं, आणि त्यांचा वकील होता जॉन अ‍ॅडम्स, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. निकाल आधी सांगितला तर मुलं सांगाड्यातली तिसरी जागा निकालानेच भरतात.

चहाच्या पानावर एकच चूक सांभाळा. मुलं लिहितात की चहा महाग झाला म्हणून लोक चिडले. १७७३ च्या टी अ‍ॅक्टने कंपनीचा चहा उलट स्वस्त होणार होता. १७६७ पासूनचा पौंडाला तीन पेन्सचा कर मात्र तसाच होता, आणि स्वस्ताई स्वीकारणं म्हणजे तो कर मान्य करणं. दोन झडपा करा, ‘किंमत’ आणि ‘हक्क’, आणि १६ डिसेंबर १७७३ ला ३४० च्या आसपास पेट्या पाण्यात गेल्या त्या कोणत्या झडपेमुळे ते मुलांना ठरवू द्या. आणखी एक: तो चहा चीनमधला होता, आसामचा नव्हे. जाहीरनाम्याचा कागद चहात बुडवून, कडा जाळून ‘जुना’ करायचा कार्यक्रम मात्र वगळा. अख्खी दुपार जाते, आणि १७७६ च्या २ जुलैला स्वातंत्र्याचा ठराव, ४ जुलैला मसुद्याला मंजुरी आणि बहुतेक सह्या २ ऑगस्टला, हा मजेशीर भाग राहून जातो.

राज्यघटनेत सरकारच्या तीन शाखांची झडप सगळेच करतात, करा. तिच्यापेक्षा चौकटीच्या कागदाचं काम जास्त देतं, आणि त्यात पाचवीचे अपूर्णांकही होतात. एक चौकट म्हणजे १० हजार माणसं. १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनिया सुमारे ७ लाख ४८ हजार, म्हणजे ७५ चौकटी. डेलावेअर ५९ हजार, सहा चौकटी. मुलांना विचारा, संसदेत कोणाला किती जागा? दोन गट पाडून भांडू द्या, मग दोन सभागृहांची तडजोड सांगा: एकात लोकसंख्येनुसार जागा, दुसऱ्यात प्रत्येक राज्याला सारख्या. त्यानंतर व्हर्जिनियाच्या ७५ पैकी २९ चौकटी तिरप्या रेघांनी भरायला लावा: ते गुलाम केलेले लोक. जागा ठरवताना त्यांची गणती तीन पंचमांशच धरायची असं घटनेत ठरलं. २९ चे तीन पंचमांश, १७.४, म्हणजे जवळपास साडेसतरा. मुलं पहिल्यांदा म्हणतात की पूर्ण मोजायला हवं होतं, तेच न्याय्य. मग विचारा, पूर्ण मोजल्याने जागा कोणाच्या वाढल्या असत्या, आणि त्या २९ चौकटींतल्या माणसांना मत होतं का? पूर्ण मोजावं ही मागणी मालकांच्या बाजूची होती, हे कळल्यावर पानावर शांतता पसरते. जनगणना घटना लिहिल्यानंतर तीन वर्षांनी झाली, १७८७ मध्ये फिलाडेल्फियात अंदाजाचे आकडे होते, हेही एका ओळीत नोंदवा.

गुलामगिरीचं नाटक कधीही बसवू नका: लिलाव नाही, जहाजात दाटीवाटीने बसणं नाही. कुठल्याही मुलाला त्या भूमिकेत घालून समज येत नाही, अपमान मात्र होतो. तसंच पिसांचे मुकुट. मूळ अमेरिकनांची वाम्पानोआग, पोहॅटन, हॉडेनोशॉनी अशी नावं लिहा, आणि वाम्पानोआगांच्या पानावर एक ओळ वर्तमानकाळात असू द्या, कारण ते लोक आजही मॅसॅच्युसेट्समध्ये आहेत. दक्षिणेच्या वसाहतींच्या झडपेत ‘तंबाखू, तांदूळ, नीळ’ असं लिहिलं की खाली दुसरी ओळ सक्तीची: ‘राबलं कोण?’ ती उत्तरेच्या झडपांतही येऊ द्या, कारण १७७६ मध्ये तेराही वसाहतींत गुलामगिरी कायदेशीर होती.

तपासणी दर दोन आठवड्यांनी, आणि फक्त एका डाव्या पानाची, मुलाने स्वतः निवडलेल्या. चार गुण: पुराव्यातली एक नेमकी गोष्ट आली का, तिचा अर्थ लावला का, कारण जोडलं का, आणि चुकलेलं दुरुस्त केलं का. सुबकतेला गुण ठेवले तर आठवड्याभरात सगळे पुन्हा रंगकामाला लागतात. लिहिताना अडलेल्या मुलाला डावं पान मराठीत किंवा मिसळून लिहू द्या. वसाहत, कर, प्रतिनिधी हे शब्द घरात बोलले गेले की इंग्रजी वाक्यही लवकर उतरतं.

आत्ता फुगलेली वही टाकून देऊ नका. तिच्यातल्या पाच झडपा निवडा, वरच्या शीर्षकांवर प्रश्नाच्या चिठ्ठ्या चिकटवा, कोऱ्या पानांतलं दर चौथं बुडखा ठेवून कापा, आणि सोमवारी त्या पाचपैकी तीन झडपांनी सुरुवात करा.